उंबरातली केंबरं आणि तुझी पहिली पेटी

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वर्गातले सगळेच फुलपाखरांच्या मागे आहेत, म्हणून मला कुणी न बघितलेलं काहीतरी करायचंय, असं तू लिहिलंयस. एवढ्याच कारणावर मी उत्तर लिहायला बसले नसते. इतरांहून वेगळं व्हायचं म्हणून धरलेला छंद एका पावसाळ्यात सुटतो. पण पुढच्या पानावर तू न्हाणीघराच्या भिंतीवरच्या त्या करड्या, केसाळ, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या माशीबद्दल लिहिलंस. तिच्या पंखांच्या कडेला बारीक पांढरे ठिपके आहेत हे टिपलंस, आणि हुसकली तरी ती लांब जात नाही, वीतभर उडून पुन्हा भिंतीलाच टेकते, हेही. तिचं नाव क्लोग्मिया अल्बिपंक्टाटा. मोरीच्या नळीत जो बुळबुळीत थर साचतो, त्यात तिच्या अळ्या वाढतात. ती घरोघरी असते आणि घरातल्या कुणालाच दिसत नाही. तुला दिसली. या छंदाला हेच भांडवल लागतं, बाकीचं सगळं शिकता येतं.

कुठला गट घेऊ, असं विचारतेस. माझं म्हणणं, आधी जागा धर. भर पावसात छत्री घेऊन चालत जाता येईल अशी जागा. घरामागचं परसू, ओढ्याचा काठ, आजोळची काजूची बाग, कुठलीही चालेल. तिथे वर्षभर जात राहा आणि जे दिसेल ते बघ. त्या वर्षात कुठला तरी एक किडा तुला धरून ठेवेल आणि गट तिथेच ठरेल. याच्या उलट, पुस्तकात बघून आधी गट ठरवला आणि मग तो शोधायला डोंगर पालथे घातले, तर दोन-चार नमुने मिळतात, पण ते तिथे का होते, कधी आले, काय खात होते, यातलं काहीच हाती लागत नाही.

तरीही नावं हवीच असतील, तर मला स्वतःला जवळचे वाटणारे तीन गट सांगते.

पहिले तुडतुडे. आंब्याच्या मोहोरावर आणि भातावर येतात म्हणून शेतकऱ्याला ते शत्रू म्हणून ठाऊक आहेत. पण पिकाला त्रास देणारे तुडतुडे मोजकेच. बांधावरच्या गवतात, करवंदीत, बाभळीवर असलेल्या कितीतरी जातींकडे कुणी ढुंकून बघत नाही. बाभळीच्या किंवा तुरीच्या फांदीवर एखादा काटा जरा वेगळा वाटला तर बोट लावून बघ. तो उडी मारून पसार झाला, तर तो पाठीवर शिंगं असलेला तुडतुडा, ऑक्सिरॅकिस. त्याच्या आसपास मुंगळे घोटाळत असतात, कारण तो झाडाचा रस पिऊन मागून गोड थेंब सोडतो. मुंगळे तो थेंब पितात आणि बदल्यात त्याची राखण करतात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात सी. ए. विरक्तमठ यांनी अख्खी कारकीर्द तुडतुड्यांवर घालवली. आपल्याकडच्या तुडतुड्यांवर जो कुणी काम करेल, त्याला त्यांच्या कामाच्या आधारावाचून पुढे जाता येत नाही. एक आधीच सांगून ठेवते. यातल्या बऱ्याच जाती बाहेरून सारख्याच दिसतात. नराच्या पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून मऊ करावं लागतं, आतले भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात, तेव्हा जात कळते. तिसऱ्या वर्षाची प्रयोगशाळा मिळेपर्यंत तू तुडतुडे नुसते नीट जपून ठेव.

दुसरा गट परोपजीवी माश्यांचा. माश्या म्हणायचं म्हणून, खरं तर त्या गांधीलमाश्यांच्या चुलत बहिणी. किडीला आळा घालायला शेतकरी ऊसाला ट्रायकोकार्ड लावतात ते तू पाहिलं असशील. त्या कार्डावरच्या अंड्यांतून निघणारा ट्रायकोग्रामा हा याच गोतावळ्यातला, लांबीला एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. दुसऱ्या किड्याच्या अंड्यात, अळीत किंवा कोशात आपलं अंडं घालायचं आणि आतून त्याला खात मोठं व्हायचं, असं त्यांचं आयुष्य. कालिकत विद्यापीठात टी. सी. नरेंद्रन यांनी आणि अलिगढला मोहम्मद हयात यांनी या बारक्या माश्यांना नावं देण्याचं प्रचंड काम केलं. तरीही किडे पकडायला ठेवलेल्या पिवळ्या बशीत एका दिवसात पडलेल्या सगळ्यांची नावं कुणाला सांगता येतील असं नाही.

तिसऱ्या खऱ्या माश्या, दोन पंखांच्या. त्यांच्यातली एकच गोष्ट सांगते. हरिश्चंद्रगडाच्या रानातल्या सावलीच्या घळींमध्ये कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याला एक माशी सापडली होती. तिचे डोळे डोक्यावर नव्हते, दोन लांब दांड्यांच्या टोकांना होते. तो १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी करत फिरत होता. त्या माशीला पुढे त्याचंच नाव मिळालं. तिच्या जातीच्या माश्या आजही सह्याद्रीत ओढ्याकाठच्या ओलसर पानांवर बसलेल्या असतात. ट्रेकला जाणारे हजारो लोक त्यांच्याजवळून जातात.

आता, हे कशासाठी करायचं? तुझी आई हेच विचारते असं तू लिहिलंयस. तिला पपईची गोष्ट सांग.

२००८ साली कोइम्बतूरच्या भागात पपईवर एक पांढरा पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस पिणारा बारीक किडा, दिसायला लागला. बघता बघता तो पपईच्या बागाच्या बागा खाऊ लागला, तुतीवर गेला, टॅपिओकावर गेला, आपल्याकडेही आला. फवारण्या करून उपयोग होईना, कारण अंगावरच्या मेणामुळे औषध आत पोचत नाही. मग तो कोण आहे हे ओळखलं गेलं : पॅराकॉकस मार्जिनेटस, मूळचा मेक्सिकोकडचा. एकदा नाव कळलं की त्याच्या मूळ मुलखात त्याला कोण आटोक्यात ठेवतं हे शोधता येतं. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून तीन जातींच्या बारीक परोपजीवी माश्या आणल्या गेल्या. त्यातल्या ॲसेरोफॅगस पपाये या जातीने काही महिन्यांत तो ढेकूण आवाक्यात आणला.

या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग याच्याही आधीचा आहे. या ढेकणाचे पहिले नमुने मेक्सिकोत १९५५ साली गोळा झाले. त्याला शास्त्रीय नाव मिळालं १९९२ साली. मधली सदतीस वर्षं ते नमुने कुठल्या तरी कपाटात, ठिकाण आणि तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह पडून होते. ज्याने ते गोळा केले त्याला हा किडा पुढे कुणाच्या बागा खाणार आहे याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. कुणाला नको असलेला, दिसायला ओंगळ असा तो किडा त्याने नीट ठेवला. मी तुला जे करायला सांगते आहे ते एवढंच आहे. तुझी पेटी शोभेसाठी नाही. ती नोंद आहे, आणि ती तू अशा माणसासाठी ठेवते आहेस ज्याला तू कधी भेटणार नाहीस.

म्हणून चिठ्ठी. टाचणी कशी लावायची याआधी चिठ्ठी कशी लिहायची ते शिक. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. दुसऱ्या चिठ्ठीवर झाडाचं नाव आणि कसा पकडला ते : जाळीने, दिव्यावर, पिवळ्या बशीत, की कोशातून वाढवून. महिना रोमन अंकात लिहायची पद्धत आहे. ती पाळ, म्हणजे पाच-सात हे सात मे की पाच जुलै, असा घोळ शंभर वर्षांनी वाचणाऱ्याचा होणार नाही. ‘घराजवळ’, ‘मामाच्या शेतात’ असलं काही लिहू नकोस. तुझा मामा कोण हे कपाटाला ठाऊक नसतं. चिठ्ठी त्याच दिवशी लिही, झोपायच्या आधी. दिव्याखाली बसून कंटाळा आला तर दुसऱ्या दिवशी कमी किडे पकड, पण चिठ्ठी उद्यावर टाकू नकोस. चिठ्ठी नसलेला सुंदर किडा आणि चिठ्ठी असलेला पाय तुटलेला किडा यातला एकच ठेवायचा असेल तर मी डोळे मिटून पाय तुटलेला ठेवीन.

स्पिरिटच्या कुपीत ठेवलेल्या किड्याची चिठ्ठी आत टाकायची, बाहेर चिकटवायची नाही. ती साध्या शिसपेन्सिलीने जाड कागदावर लिही. बॉलपेनची आणि इंकजेट प्रिंटरची शाई स्पिरिटमध्ये विरघळून जाते.

मारायला मन धजत नाही, असंही तू लिहिलंयस. हे वाचून मला बरं वाटलं, आणि मी तुझी ही हळवी बाजू घालवायचा प्रयत्न करणार नाही. पहिले सहा महिने, शेवटी सांगते त्या उंबरातल्या माश्या सोडून, काहीही मारू नकोस. मेलेलेच इतके मिळतात की पेटी भरेल. ट्यूबलाइटच्या पट्टीत, खिडकीच्या खाचेत, कोळ्याच्या जाळ्यात, पहिल्या पावसानंतर एसटी स्टँडच्या दिव्याखाली सकाळी झाडूवाल्याच्या सुपात. मे-जूनमध्ये वळीव पडला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. दुसऱ्या दिवशी झाडाखाली कितीतरी पडलेले असतात. त्यांच्यावर टाचणी लावायचा सराव कर. पुढे जेव्हा जिवंत पकडावं लागेल तेव्हा एक नियम पाळ : फोटोवरून ओळखता येत असेल तर मारायचं नाही. मोठे चतुर, नाकतोडे, ढालकिडे यांना फोटो पुरतो. एक मिलिमीटरच्या माशीच्या मिशीचे भाग किती, पंखावरच्या केसांची ओळ कुठून कुठे जाते, हे फोनच्या कॅमेऱ्यात येत नाही, आणि त्याच्याशिवाय तिचं नाव कळत नाही. तिथे दोन-तीन नमुने घ्यायचे आणि थांबायचं.

मारण्यासाठी डीप फ्रीझर सर्वांत साधा. झाकणाच्या छोट्या डबीत घालून एक दिवस-रात्र ठेव. आईला आधी विचार, आणि डबीवर ठळक लिही. इथाइल ॲसिटेट वापरतात, तेही चालतं, पण ते भडकन पेटतं, म्हणून स्वयंपाकघरात आणि देवघरातल्या समईजवळ बाटली उघडायची नाही. जुन्या पुस्तकांत सायनाइडच्या बाटलीचं वर्णन सापडेल. त्या वाटेला जाऊ नकोस, कुणी आणून देतो म्हणालं तरी.

टाचणीबद्दल थोडक्यात. शिवणकामाच्या टाचण्या नकोत. त्या जाड असतात, आखूड असतात, आणि आपल्या हवेत गंजतात. कीटकांसाठीच्या स्टेनलेस स्टीलच्या पिना मिळतात, अडतीस मिलिमीटर लांब. सुरुवातीला दोन नंबरच्या घे. भुंगेऱ्याला पिन उजव्या कठीण पंखातून जाते. ढेकूण जातीच्या किड्याला पाठीवरच्या त्रिकोणात, मध्याच्या जरा उजवीकडे. माशीला आणि गांधीलमाशीला छातीत, तीही मध्य सोडून उजवीकडे. कारण उजवी बाजू बिघडली तर डावी शाबूत राहायला हवी. पिन टोचता येणार नाही इतका लहान किडा असेल तर जाड कागदाचा निमुळता त्रिकोण काप, त्याच्या रुंद बाजूतून पिन घाल, आणि टोकावर डिंकाचा ठिपका देऊन किड्याची उजवी कूस त्याला चिकटव. बाभळीचा साधा डिंक सगळ्यांत चांगला, कारण पुढे कुणाला किडा सोडवून बघायचा असेल तर तो पाण्याने सुटतो. झटपट चिकटणारे गोंद कायमचे बसतात, ते आणू नकोस.

मऊ अंगाचे किडे वाळवले तर सुरकुततात आणि त्यांचं काही उरत नाही. मावा, वाळवी, पाण्यातल्या अळ्या, आणि झाडाच्या सालीवर रेशमाची बोगदी विणून राहणारे एम्बिया. (हे एम्बिया एकदा तरी बघच. त्यांचं रेशीम पुढच्या पायांच्या फुगीर पंजांतून निघतं. तसं दुसऱ्या कुठल्या किड्यात मी पाहिलेलं नाही.) हे सगळे सत्तर टक्के स्पिरिटमध्ये. इथेनॉल घरी आणणं हे आपल्या राज्यात परवान्याचं काम आहे, तेव्हा ते कॉलेजच्या प्रयोगशाळेतून बाईंना विचारून घे. घरच्यासाठी औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल मिळतं. त्यावर काम भागतं. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड स्पिरिटमध्ये ठेवून नंतर काचपट्टीवर घ्याव्या लागतात. ते तुला समोर बसवून शिकवीन, पत्रात सांगण्यासारखं नाही.

आता आपल्या हवेचं. परदेशी पुस्तकांत पेटी सांभाळण्याबद्दल जे लिहिलेलं असतं ते कोरड्या हवेतल्या लोकांचं असतं. कोकणात जुलैमध्ये चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, तिथे किड्यावर येणारच. म्हणून जूनच्या आधी सगळे नमुने नीट वाळलेले हवेत. पत्र्याच्या डब्यात चाळीसचा जुना बल्ब लावून, वर जाळीवर नमुने ठेवून वाळवता येतात. पेटीचं झाकण घट्ट बसलं पाहिजे. त्यासाठी रबरी कडेचे प्लॅस्टिकचे डबे लाकडी पेटीपेक्षा बरे, दिसायला साधे असले तरी. आत सिलिका जेलची पुडी, आणि कापडाच्या पुरचुंडीत थोडं ओव्याचं फूल. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. ते शुद्ध थायमॉल असतं आणि त्याने बुरशी धरत नाही.

डांबरगोळीची सवय आपल्या घरांत जुनी आहे, पण तळाला थर्माकोल लावला असेल तर त्याच्याजवळ ती ठेवू नकोस. नॅफ्थलीनने थर्माकोल मऊ पडतो, चिकटतो, पिना त्यात रुतून वाकतात. तळाला पॉलिइथिलीनचा दाट फोम घाल. शिवाय झोपायच्या खोलीत डांबरगोळ्यांची पेटी ठेवणं तुझ्या तब्येतीला बरं नाही. बुरशीइतकाच दुसरा शत्रू म्हणजे संग्रह खाणारे बारीक भुंगेरे. गोदामातल्या गव्हाला लागणारा खापरा भुंगेरा त्यांच्याच कुळातला. किड्याच्या खाली तपकिरी भुकटी पडलेली दिसली की समजायचं, आत अळी आहे. डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवायचा, आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर आत पाणी सुटतं. दर अमावास्येला प्रत्येक डबा उघडून बघायचा असा नेम कर. अमावास्येचं खास काही नाही, पण तिथीने लक्षात राहतं.

पकडायची साधनं स्वस्तात होतात. उलटी धरलेली पांढरी छत्री आणि एक काठी : झाडाची फांदी छत्रीत झटकली की पानांतले किडे खाली पडतात. पिवळ्या प्लॅस्टिकच्या बश्या : आत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, गवतात जमिनीलगत ठेवायच्या, चोवीस तासांनी नायलॉनच्या बारीक कापडातून गाळायच्या. साबणामुळे पाण्यावरचा ताण जातो आणि किडा तरंगत न राहता बुडतो. मॅलेजचा तंबू मात्र इतक्यात नको. रने मॅलेज या स्वीडिश कीटकतज्ज्ञाला १९३४ च्या ब्रह्मदेशच्या मोहिमेत दिसलं की तंबूत शिरलेले किडे वरच्या कोपऱ्याकडे जातात आणि फट असेल तर तिथून निसटतात. त्याने त्या कोपऱ्यातच बाटली लावली. सापळा उत्तम आहे, मच्छरदाणीच्या कापडाचा घरी शिवताही येतो, पण आठवड्यात तो इतके जीव मारतो की एकट्या माणसाकडून त्यांची निवड होत नाही. जितकं बघून होईल तितकंच पकडावं.

कायद्याचं नीट वाच. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली २०२२ ची दुरुस्ती. त्याच्या अनुसूचींत पुष्कळ फुलपाखरं आहेत, इतर काही कीटकही आहेत. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात लेखी परवानगीशिवाय मुंगीसुद्धा उचलायची नाही. राखीव जंगलातही आधी वनखात्याला विचार. खासगी शेतात मालकाला विचार, आणि काय सापडलं ते त्याला जाऊन दाखव, त्याला बरं वाटतं आणि पुढच्या वेळी तो स्वतःच काहीतरी काडेपेटीत घालून ठेवतो. विकत घ्यायचं नाही, विकायचं नाही. इंटरनेटवर ओळख झालेल्या परदेशातल्या कुणी नमुने मागितले तर फोटो पाठव, किडा नाही. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, आणि नमुने देशाबाहेर पाठवायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाचे नियम लागू होतात. तुझ्यासारख्या विद्यार्थिनीने त्यात पडू नये.

नावासाठी घाई करू नकोस. पहिल्या वर्षी कुळापर्यंत पोचलीस तरी खूप. तज्ज्ञांना पत्र लिहिताना ‘याचं नाव काय’ एवढंच लिहून फोटो पाठवणाऱ्यांना उत्तर येत नाही. कुठे, कशावर, कधी सापडला, मी इथपर्यंत ओळखला आणि इथे अडले, असं लिहिलंस तर बहुतेक जण वेळ काढून लिहितात. पुढे संग्रह मोठा झाला की पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, मुंबईत १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. घरातला संग्रह माणसाबरोबर संपतो. तो कधी ना कधी अशा ठिकाणी गेला पाहिजे, हे पहिल्या डब्यापासून मनात ठेव.

आता तुझं पहिलं काम. उंबर घे.

उंबर फोडून केंबरं, म्हणजे आतले बारीक किडे, काढू नयेत म्हणतात. तू काढायचीस. गावात दत्ताच्या पाराचा औदुंबर असेल तर त्याला हात लावू नकोस, लोकांच्या भावना असतात. ओढ्याकाठी एखादा नक्की असेल. उंबराला वर्षातून अनेकदा फळ येतं, खोडाला लगडून, त्यामुळे हंगाम चुकायची भीती नाही. प्रत्येक फळ म्हणजे आतल्या बाजूला फुललेला फुलांचा गुच्छ. सेराटोसोलेन फ्युसिसेप्स नावाची बारीक माशी वरच्या तोंडातून आत घुसते. वाट इतकी अरुंद असते की तिचे पंख फाटतात, आणि ती पुन्हा बाहेर येत नाही. आत ती फुलांवर दुसऱ्या उंबरातून आणलेले परागकण टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि मरते. काही आठवड्यांनी तिची पिल्लं तयार होतात. बिनपंखी नर आधी बाहेर येतात, माद्या अजून फुलांच्या गाठींत असतानाच त्यांच्याशी समागम करतात, मग फळाच्या सालीला भोक पाडतात आणि त्यांचं आयुष्य संपतं. त्या भोकातून माद्या परागकण घेऊन उडतात. त्यांना एक-दोन दिवसांत दुसरं योग्य वयाचं उंबर सापडलं तर ठीक.

याच फळात आणखी भाडेकरू असतात. सायकोफॅगा आणि ॲपोक्रिप्टा या वंशांतल्या माश्या आत जातच नाहीत. बाहेर सालीवर बसून शेपटीकडची लांब, केसासारखी नळी कच्च्या फळात खुपसतात आणि आत अंडी घालतात. वेगवेगळ्या जाती फळाच्या वेगवेगळ्या वयात येतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत यावर बरंच काम झालं आहे, पण तुझ्या ओढ्यावरच्या उंबरात कोण कोण येतं हे बघणारं तिथे तुझ्याशिवाय कुणी नाही.

तर असं कर. एका झाडाच्या एकाच घोसाला दोरा बांधून खूण कर. फळं मुगाएवढी असल्यापासून दर दोन दिवसांनी जा, आणि सालीवर बसलेल्या माश्यांची नोंद वहीत कर : किती, कोणत्या रंगाच्या, नळी किती लांब, सकाळी की दुपारी. मुंग्या आल्या तर त्याही लिही, त्या या माश्यांवर टपून असतात. फळं लालसर व्हायच्या बेताला आली, अजून भोकं पडलेली नाहीत, तेव्हा पाच-सहा काढ. प्रत्येक वेगळ्या बाटलीत, तोंडाला मलमल बांधून, सावलीत ठेव. माश्या बाहेर आल्या की बाटलीच फ्रीझरमध्ये. मग फळ काप, आत राहिलेले नर चिमट्याने वेच. नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की एकाच जातीचे वाटणार नाहीत, म्हणून एका फळातले सगळे एकाच कुपीत ठेव, दुसऱ्या फळातले त्यात मिसळू नकोस. फळाचा क्रमांक चिठ्ठीवर आणि वहीत एकच हवा.

कुप्या मला पोस्टाने पाठवू नकोस. स्पिरिट पेटणारं, पोस्ट ते घेत नाही. वहीच्या पानांचे आणि चिठ्ठ्यांचे फोटो पाठव. चिठ्ठीचा फोटो इतक्या जवळून काढ की अक्षर मला चष्मा लावून वाचता येईल. गणपतीला येशील तेव्हा वही घेऊन ये. आईला माझा नमस्कार सांग आणि फ्रीझरचा एक कप्पा तिच्याकडून मागून घे.

तुझ्या,
बाई